पाटाने शिकवलेला संयम

पांझरा, मोसम आणि आरम या काही मोठ्या नद्या नव्हेत. पांझरा साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागातून निघते, धुळे शहरातून वाहते आणि पुढे तापीला मिळते. मोसम आणि आरम बागलाणातून खाली येऊन गिरणेत मिसळतात. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसाने त्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि दिवाळीनंतर आठवड्याआठवड्याने बारीक होत जातात. काठची जमीन कसदार, पण त्या पट्ट्यात स्वतःचा पाऊस बेताचाच. अशा ठिकाणी वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने हात सैल सोडला की खालच्याच्या वाट्याला कोरडा पाट येतो, आणि प्रत्येकाने आपापल्यापुरते शहाणपण केले की सगळ्या गावाचे नुकसान होते. तरीही या तीन नद्यांच्या काठी सुमारे तीन-चारशे वर्षे शेतकऱ्यांनी मोजके पाणी आपसात वाटून घेतले, त्यावर बागायत पिकवली आणि जमिनीचा कसही राखला. या व्यवस्थेला फड पद्धत म्हणतात. तिचा इतिहास बहुधा बंधाऱ्यांचा किंवा सहकाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण तो माणसाच्या रोजच्या निर्णयांचा इतिहास म्हणून वाचला, तर आजच्या एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडते. माणसांना जपून वापरायला कसे लावायचे, हा तो प्रश्न. फडाचे उत्तर असे की, काटकसर माणसाच्या स्वभावावर सोपवू नये. ती पाण्याच्या वाटेत आणि निर्णयाच्या वेळेत बांधून ठेवावी, आणि हे बांधकाम ज्यांना त्याखाली जगायचे आहे त्यांनीच करावे.

आधी ही व्यवस्था कशी चाले ते पाहू. नदीत सोयीच्या जागी दगडी बंधारा घालून पाणी अडवायचे आणि ते काळव्यात वळवायचे. हे काळवे दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब असत. काळव्यातून चाऱ्या निघत, चाऱ्यांतून सारंग नावाचे लहान पाट शेतापर्यंत जात, आणि जादा झालेले पाणी काढून देण्यासाठी सांडम ठेवलेले असत. सगळे पाणी उताराने, आपल्या वजनाने चाले. या पाण्याखाली येणाऱ्या क्षेत्राला कायम बागायत म्हणत आणि त्याचे साधारण चार भाग पाडत. हा प्रत्येक भाग म्हणजे एक फड. फड लहान असला तर दहा हेक्टरांचा, मोठा असला तर दोनशे हेक्टरांपर्यंतचा. सरासरी शंभर-सव्वाशे हेक्टरांचा. दरवर्षी गाव ठरवी की यंदा कोणत्या फडांना पाणी द्यायचे आणि कोणता पडीक ठेवायचा. एका फडात एकच पीक. ऊस एका किंवा फार तर दोन फडांत, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. त्यामुळे कोणत्याही जमिनीला वर्षानुवर्षे भरपूर पाणी पिण्याची सवय लागत नसे, जमीन चिबडत नसे, मीठ फुटून चोपण होत नसे. पाण्याचा हिशोब आणि जमिनीचे आरोग्य या दोन्ही गोष्टी एकाच नियमाने सांभाळल्या जात.

नियमामागची माणसेही नेमलेली होती. लाभधारकांमधून निवडलेले पंच वरचे निर्णय घेत. काळव्यावर देखरेख करायला पाटकरी आणि हवालदार असत, बंधाऱ्यावर आणि पाटावर पहारा द्यायला जागले असत, आणि शेतात प्रत्यक्ष पाणी द्यायला बारेकरी असत. त्यांचा मोबदला पूर्वी धान्यातून दिला जाई. हंगामाआधी काळव्यातला गाळ काढणे, फुटलेले काठ बांधणे ही कामे सगळ्यांनी मिळून करायची. यातली बारेकऱ्याची जागा मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटते. शेत ज्याचे, त्याच्या हातात पाण्याचे बारे नाही. पाणी वळवणारा माणूस वेगळा, आणि तो एका शेतकऱ्याचा गडी नसून सगळ्या फडाचा सेवक. वैशाखात ऊस माना टाकू लागला की मालकाचे मन कितीही खंबीर असले तरी त्याचा हात आणखी अर्धा तास बारे उघडे ठेवायला धजावतोच. फड पद्धतीने त्याला उपदेश केला नाही, त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षाही घेतली नाही. मोहाच्या क्षणी तो त्या जागेवर असण्याची गरजच उरू दिली नाही.

हे शहाणपण विद्यापीठांच्या भाषेत यायला बराच काळ जावा लागला. जुन्या अर्थशास्त्रातला माणूस थंड डोक्याने नफा-तोट्याचा हिशोब मांडून निर्णय घेणारा होता. डॅनियल काह्नेमन आणि अमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांतात दाखवले की खरा माणूस असा नसतो. हातचे गेल्याचे दुःख त्याला तेवढेच मिळाल्याच्या आनंदाहून मोठे वाटते. पुढे रिचर्ड थेलर आणि कास सनस्टीन यांनी २००८ च्या आपल्या ‘नज’ या पुस्तकात असा विचार मांडला की, पर्याय कोणत्या रीतीने समोर ठेवले आहेत, काहीच न केल्यास काय घडते, शेजारी काय करतो, यांवर माणसाची निवड मोठ्या प्रमाणात ठरते. म्हणून सक्ती न करता ही मांडणीच बदलावी. थेलर यांना २०१७ साली नोबेल मिळाले आणि वर्तनात्मक अर्थशास्त्र सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोहोचले. पर्यावरणाच्या क्षेत्रात त्याचे प्रयोग झाले. जर्मनीतल्या श्योनाऊ या छोट्या गावात स्थानिक वीज कंपनी आपण होऊन हरित वीजच देते. वेगळे काही हवे असेल त्याने तसे कळवायचे, आणि जवळजवळ कोणी कळवत नाही. अमेरिकेत वीजबिलासोबत शेजाऱ्यांच्या वापराशी तुलना करणारे पत्रक पाठवले, तेव्हा सुमारे सहा लाख घरांच्या अभ्यासात वीजवापर सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास घटला. हे निष्कर्ष खरे आहेत आणि उपयोगीही आहेत. मात्र दोन टक्के हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण फडाने साधलेला संयम याहून कितीतरी मोठा आणि टिकाऊ होता. तो का, हे तपासले पाहिजे.

पहिले कारण निर्णयाच्या वेळेत आहे. माणूस उद्याबद्दल शहाणा असतो आणि आजबद्दल अधीर असतो. थेलर यांनी श्लोमो बेनार्ट्झी यांच्यासह नोकरदारांच्या बचतीसाठी आखलेली योजना याच ओळखीवर उभी आहे: पगारवाढ व्हायच्या आधीच माणूस वाढीतला काही हिस्सा बचतीत टाकायचे कबूल करतो, आणि वाढ झाली की कपात आपोआप सुरू होते. फडातले वार्षिक ठरवणे याच जातीचे. बियाणे जमिनीत पडण्याआधी, कोणाचेच पीक तहानलेले नसताना, नदीचा रंग पाहून गाव ठरवते की यंदा किती फड भिजतील. एकदा एका फडात हरभरा ठरला की त्यात ऊस लावण्याचा मोह कोणी करायचा नाही, कारण त्या फडात पाणी हरभऱ्याच्या बेताने येणार आहे. निर्णय थंड वेळेला, अंमल तापलेल्या वेळेला. हे अंतरच संयम टिकवून धरते. शिवाय फडात काहीच न करणाऱ्याला जे मिळते तेच जपून वापरणाऱ्याला मिळते: ठरल्या पाळीला ठरले तेवढे पाणी. जास्त पाणी घ्यायचे असेल तर मुद्दाम खटपट करावी लागते, जागल्याची नजर चुकवावी लागते, बारेकऱ्याला फितवावे लागते. श्योनाऊची वीज आणि पांझरेचे पाणी यांत हे साम्य आहे की काटकसर करायला वेगळे कष्ट नाहीत, उधळपट्टीला मात्र आहेत.

दुसरे कारण दिसण्यात आहे. एका फडात एकच पीक असल्याने शेजारशेजारच्या वाफ्यांची तुलना डोळ्यांना सहज करता येते. एकाचे पीक अवेळी जास्त हिरवे दिसले, बांधाखाली चिखल राहिला, की पाणी कोठे गेले हे विचारायला मोजणीचे यंत्र लागत नाही. अमेरिकेतल्या बिलावरची शेजाऱ्यांशी तुलना महिन्याने येते, आकड्यांत येते आणि अनोळखी शेजाऱ्यांशी होते. फडातली तुलना रोज होते, डोळ्यांसमोर होते आणि ज्यांच्या लेकीसुना आपल्या घरात आहेत त्यांच्याशी होते. कोणी नियम मोडत नाही हे दिसल्यामुळे आपणही मोडू नये असे वाटते. त्यामागे शिक्षेची भीती असतेच, पण आपण एकटेच मूर्खपणे पाळत नाही आहोत ना, या शंकेचे निरसनही असते. काटकसरीच्या अनेक आवाहनांना प्रतिसाद मिळत नाही त्याचे मूळ बहुतेक वेळा याच शंकेत असते. बाकीचे उपसत असताना मी का थांबू, या प्रश्नाला घोषणेपाशी उत्तर नसते. फडाच्या बांधावर उभे राहिले की उत्तर समोर दिसते.

तिसरे आणि सर्वांत खोल कारण तोट्याच्या वाटणीत आहे. फड पद्धतीत बहुतेक खातेदारांची जमीन एकाच फडात नसून प्रत्येक फडात थोडीथोडी विभागलेली असे. पाऊस कमी झाला आणि एक फड पडीक ठेवायचे ठरले, तर एका बाजूच्या चार घरांवर संकट कोसळून दुसऱ्या बाजूचे सुखरूप राहिले असे होत नसे; प्रत्येकाचे थोडे बुडे आणि प्रत्येकाचे थोडे पिके. हातचे गेल्याचे दुःख मोठे असते हे खरे, पण शेजाऱ्याचे वाचले आणि आपलेच गेले हे दुःख त्याहून मोठे असते. फडाने ते दुसरे दुःख काढून टाकले, म्हणून पहिले दुःख लोकांना सोसता आले. हे फक्त खानदेश-बागलाणालाच सुचले असे नाही. फिलिपाईन्सच्या इलोकोस भागातल्या झान्खेरा नावाच्या जलसंस्थांमध्येही प्रत्येक सभासदाला पाटाच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेपटाकडे अशा तिन्ही ठिकाणी जमिनीच्या पट्ट्या मिळत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात स्पेनमधल्या वालेन्सियापासून या झान्खेरांपर्यंत अशा संस्थांचा अभ्यास मांडला. सामायिक साधनसंपत्ती माणसे ओरबाडूनच संपवतात, हा गॅरेट हार्डिन यांचा १९६८ मधला निष्कर्ष सरसकट खरा नाही, असे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी सांगितलेली सूत्रे, म्हणजे हक्कदार कोण हे स्पष्ट असणे, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असणे, ते बनवण्यात वापरणाऱ्यांचा हात असणे, देखरेख करणारे त्यांनाच उत्तरदायी असणे, ही वाचताना फडाचे वर्णन वाचल्यासारखे वाटते.

फडासारखी मांडणी सरकारी कालव्यावर आणण्याचा एक प्रयत्नही आपल्याकडे झाला, आणि त्याची कथा बोलकी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांचे सुरुवातीचे एक काम खानदेशातच होते: पांझरेवरच्या सिंचनासाठी नळाचा सायफन बांधण्याचे. पुढे पुण्यात कार्यकारी अभियंता असताना त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. विखुरलेल्या शेतांना मागेल तसे पाणी देण्याऐवजी गावोगाव ठरावीक जमिनीचे गट पाडायचे, त्यातला एक भागच उसाला द्यायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिके घ्यायची आणि फेरपालट करत राहायचे. जास्त गावांना पाणी पोहोचावे आणि जमिनी चिबडू नयेत, हा हेतू. सुरुवातीला तिला विरोध झाला. आराखडा शास्त्रशुद्ध होता आणि रूपाने फडाशी त्याचे उघड नाते दिसते. पण फडात नियम गावाचा होता, ब्लॉकमध्ये तो खात्याचा होता. पंचांच्या जागी कालवा निरीक्षक आला, बारेकऱ्याच्या जागी पगारी चौकीदार आला, आणि नियमाशी शेतकऱ्याचे नाते पाळण्याचे न राहता निभावून नेण्याचे झाले. दख्खनच्या कालव्यांच्या पट्ट्यात ऊस पसरत गेला आणि पुढे कित्येक जमिनी पाणी मुरून क्षारपड झाल्या. साखर कारखानदारीने त्या ओढीला बळ दिले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला; त्या सहकाराने ग्रामीण महाराष्ट्राचे मोठे भले केले, पण पाण्याच्या हिशोबात उसाचे पारडे त्यामुळे कायमचे जड झाले.

मूळ फडांचे काय झाले? स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत पांझरेवर लाटीपाडा आणि नंतर अक्कलपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर अशी धरणे झाली. नदीचे पाणी कधी आणि किती येणार हा निर्णय निसर्ग आणि गाव यांच्या हातून निघून धरणाच्या दरवाजाकडे गेला. त्याच काळात विजेचे पंप आले. काठावरच्या शेतकऱ्याने विहीर खोदली की त्याला पंचांची गरज उरली नाही. फडात यंदा हरभरा ठरला असला तरी विहिरीच्या जोरावर तो ऊस ठेवू शकत होता. एका फडात दोन पिके आली की पाळीचा मेळ तुटला. वाटण्या आणि खरेदी-विक्री होत गेली तशी सगळ्या फडांत थोडीथोडी जमीन असण्याची जुनी घडीही विस्कटली, आणि ज्याची जमीन एकाच फडात आहे त्याला तो फड पडीक ठेवणे म्हणजे उपासमार वाटू लागली. काही ठिकाणी फड अजून चालतात, पण अनेक ठिकाणी ते नावापुरते उरले. या बदलात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की माणसे तीच होती. त्याच घराण्यांतले, त्याच मातीतले, तेच देव मानणारे शेतकरी. आजोबा पाळीने पाणी घेत होता आणि नातू रात्रभर मोटार चालू ठेवतो, याचा अर्थ आजोबा संत होता आणि नातू लोभी झाला असा नाही. आजोबाला जपून वापरणे सोपे होते, नातवाला उधळणे सोपे करून दिले गेले. मांडणी बदलली, तशी वर्तणूक बदलली.

येथे पहिला आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. फडाचा हा गौरव म्हणजे जुन्या गावगाड्याचे उदात्तीकरण नव्हे काय? त्या गावात जमीन नसलेल्याला पाण्यात वाटा नव्हता. पंच कोण व्हायचे आणि जागल्या कोण व्हायचे, हे जातीच्या उतरंडीतून सुटलेले नव्हते. बांधावर काम करणाऱ्या बाईचा पंचांत आवाज नव्हता. हे सगळे मान्य केलेच पाहिजे. फडाची समता जमीनधारकांमधली समता होती. पण यावरून निघतो तो निष्कर्ष फडाची रचना टाकून द्यावी असा नसून तिचे वर्तुळ मोठे करावे असा आहे, आणि हे शक्य आहे याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तेथून पाणी पंचायतीची कल्पना उभी राहिली. तिचा नियम असा: पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचा, दरडोई अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, पाणी जास्त पिणाऱ्या उसासारख्या पिकांना मनाई, आणि योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. फडात जे नव्हते ते यात आले, आणि फडात जे होते, म्हणजे आधी ठरलेली मर्यादा, दिसणारी समता आणि स्वतःच्या घामाची गुंतवणूक, तेही यात राहिले.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. वर्तनात्मक अर्थशास्त्राचा गाभा असा की निवडीचे स्वातंत्र्य अबाधित ठेवून दिशा द्यावी. फडात तर पीक ठरवून दिलेले, पाणी ठरवून दिलेले, मोडले तर दंड. ही सरळ सक्ती आहे, तिला नव्या शास्त्राचे नाव कशाला? आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे. फड म्हणजे निव्वळ हळुवार सूचना नव्हती. पण सक्ती कोणाची, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. जो नियम मी माझ्या शेजाऱ्यांसह बसून केला, जो मला आणि पंचाला सारखाच लागू आहे आणि जो पुढच्या वर्षी बदलता येतो, तो मी माझ्याच पुढच्या मोहाला घातलेला लगाम आहे. उलट, दूरच्या कचेरीतल्या तज्ज्ञाने माझ्या नकळत माझ्यापुढच्या पर्यायांची मांडणी बदलली, तर वरकरणी माझे स्वातंत्र्य शाबूत दिसते, पण त्या मांडणीवर माझा काहीच ताबा नसतो. नव्या शास्त्राला फडापासून शिकण्यासारखे आहे ते हेच. पत्रकाने साधलेली दोन टक्के बचत आणि फडाने शतकानुशतके साधलेला संयम यांतला फरक युक्तीच्या हुशारीत नाही. पत्रक लोकांवर चालवले गेले, फड लोकांनी चालवला.

तिसरा आक्षेप सरळ आहे: एवढा खटाटोप कशाला, पाण्याला योग्य किंमत लावा, माणसे आपोआप जपून वापरतील. किंमतीला महत्त्व आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेतीपंपाचे बिल वापरलेल्या विजेवर न आकारता पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक आकारले गेले, तेव्हा आणखी एक तास पंप चालवण्याचा खर्च शून्य झाला आणि भूजल खोल गेले; येथे चुकीच्या किंमतीनेच नुकसान केले. पण किंमत एकटी पुरत नाही, कधी तर ती उलटते. इस्राएलमधल्या हैफा शहरात मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावून पाहिला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड मागे घेतल्यावरही तो पहिल्यासारखा झाला नाही. उरी गनीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी पालकांना शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. दंड लागल्यावर त्यांनी तो उशिराचा दर समजून भरला. पाण्याचेही असेच होते. केवळ दर लावला की पैसेवाल्याला उपशाचा परवाना मिळतो आणि शेजाऱ्याविषयीची भीड संपते. फडात दंड होता, पण तो विश्वासघाताची खूण होता. भरून मोकळे होण्याची पावती नव्हता.

उरतो तो आकाराचा आक्षेप: हे सारे लहान गावापुरते ठीक आहे, मोठ्या समाजात चालणार नाही. याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की गावात ते आजही चालते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांनी सुरुवात झाली, सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही असे ठरले, आणि गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यावर पिके ठरवते. थोड्या पावसाच्या मुलखातले हे गाव फडाचेच सूत्र नव्या साधनांनी चालवते: नदीचा रंग पाहण्याऐवजी पर्जन्यमापक आणि भूजलाची पातळी पाहते, बाकी थंड वेळेला सगळ्यांदेखत निर्णय घेणे तेच. राज्यानेही २००५ साली सिंचनव्यवस्था शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवण्याचा कायदा केला; कालव्याचे पाणी मोजून संस्थेला द्यावे आणि आतली वाटणी तिने करावी, ही त्यामागची दिशा आहे. कायद्याने संस्था नोंदवता येते, भीड आणि विश्वास नोंदवता येत नाही, म्हणून काम संथ चालते; पण दिशा बरोबर आहे.

दुसरे उत्तर शहरातल्या वाचकासाठी आहे. फडाचे सूत्र घेण्यासाठी खानदेशात जमीन असावी लागत नाही. शहरातल्या बहुतेक गृहनिर्माण संस्थांत पाण्याचा खर्च सदनिकेतल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटला जातो; कोण किती वापरतो हे ना स्वतःला दिसते, ना शेजाऱ्याला. म्हणजे मोटारीच्या ठोक बिलाचीच ही शहरी आवृत्ती. तेथे ‘पाणी वाचवा’ असा फलक लावून फारसे काही होत नाही, कारण फलक मनाला सांगतो आणि वापर हाताने होतो. घरोघरी मीटर बसवणे, महिन्याचा वापर जिन्यात सगळ्यांना दिसेल असा लिहिणे, आणि उन्हाळ्यात किती कपात करायची हे मार्चमध्ये टाकी रिकामी होण्याची वाट न पाहता पावसाळा संपताच वार्षिक सभेत ठरवून टाकणे, ही फडाचीच तीन कलमे आहेत: दिसणे, मोजणे आणि थंड वेळेला ठरवणे. चौथे कलम म्हणजे कपात आली तर ती वरच्या मजल्यावरच न पडता सगळ्यांवर सारखी पडावी, अशी पाळी लावणे. यांतले एकही कलम माणसांनी आधी चांगले व्हावे अशी अट घालत नाही.

पर्यावरणाबद्दल आपण फार काळ दोनच भाषा बोलत आलो. एक उपदेशाची: लोकांनी जागे व्हावे. दुसरी हताशेची: लोक सुधारणार नाहीत. पांझरेच्या काठचा इतिहास या दोन्हींना खोटे ठरवतो. तेथले लोक आपल्याहून जागे नव्हते आणि आपल्याहून निराळेही नव्हते. आपला हात उन्हाळ्यात आवरणार नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे ओळखले, आणि तो आवरण्याची सोय पावसाळा सरतानाच करून ठेवली. पंच निवडले, बारेकरी नेमला, फड पाडले, आणि जास्तीचे पाणी काढून देणारा सांडमही पहिल्यापासून आराखड्यात धरला. स्वतःच्या दुबळेपणाचा असा जमाखर्च मांडून त्याभोवती व्यवस्था उभी करणे हेच मला त्यांचे सर्वांत मोठे बांधकाम वाटते. धरणे आणि पंप यांनी त्यांच्या पाटांची दिशा बदलली, ती पूर्ववत करता येणार नाही. पण यंदा किती फड भिजवायचे, हा प्रश्न पीक तहानलेले नसताना, सगळ्यांना बसवून, सगळ्यांच्या देखत विचारण्याची त्यांची रीत कोणत्याही गावाला, कोणत्याही इमारतीला उद्याही उचलता येईल. पाऊस संपल्यावर पहिली बैठक बोलावली, की फडाचे काम सुरू होते.